तिकोणा पेठेचं भात आणि कोरं जेल

"पट्टाच आला नाही ना मॅडम? मग लिहा भेसळ," बियाणे कंपनीचा ऑफिसर म्हणाला.

"पट्टा आला नाही, म्हणजे मला अजून काही कळलेलं नाही," मी म्हणाले.

कामशेतला माझी छोटी लॅब आहे. टेस्ट होती तिकोणा पेठेच्या सखूमावशींच्या इंद्रायणी भाताची. जात शुद्ध निघाली तर कंपनी ते बियाणं म्हणून घेणार, नाहीतर गिरणीत जाणार. मावशींची वर्षभराची राखण वाया. त्या बाकावर बसून आमच्या तोंडांकडे बघत होत्या.

डीएनए म्हणजे एकमेकांना जुळलेले दोन धागे. पेशीत हे धागे एक प्रोटीन उलगडतं. आम्ही मशीनमध्ये उष्णता देऊन सुटे करतो. मग प्रायमर नावाचा छोटा तुकडा आपल्या जागी चिकटतो. तिथून पॉलिमरेज हे प्रोटीन धागा पकडून त्याचा जोडीदार बांधत जातं. एकाचे दोन, दोनाचे चार. भरपूर प्रती झाल्या की जेलवर, म्हणजे खळीसारख्या पारदर्शक थरावर, त्यांचा पट्टा दिसतो. भेसळ असती तर जास्तीचा पट्टा आला असता. इथे जेल कोरं होतं.

"उद्या रिपोर्ट द्या."

"चार दिवस."

"दोन."

"तीन. आणि आवाज खाली. सही माझी आहे."

आवाज खरं तर माझाच चढला होता. पुण्याच्या लॅबमध्ये बारा वर्षं टेस्ट मी केल्या, सह्या साहेबांनी. त्यांनी घाईत पाठवलेला चुकीचा रिपोर्ट मात्र माझ्या नावावर खपला. ते मी विसरलेले नाही.

दोघे गेल्यावर मी खात्रीच्या इंद्रायणीचा डीएनए मावशींच्या सॅम्पलमध्ये मिसळला. त्याचाही पट्टा गायब. तोच डीएनए एकटा लावला तर पट्टा लख्ख. म्हणजे सॅम्पलमधलं काहीतरी पॉलिमरेजला काम करू देत नव्हतं. मावशींना फोन लावला.

"भाताला काय लावलंत?"

"काय न्हाई बाई. औषीद न्हाई, पावडर न्हाई."

"सॅम्पलची पिशवी सील करायच्या आधी काही केलंत?"

"हळद वाहिली की, मूठभर. बी घराभाईर निगालं, तसंच कोरडं धाडायचं व्हय? तुमी लेक धाडाल का तशी?"

पिवळ्या सालीवर हळद मला दिसली नव्हती. वर घाईत मी भात सालीसकट दळलेलं. तो माझा गाढवपणा. हळदीतले घटक पॉलिमरेजला अडवतात.

पिशवीत उरलेलं भात धुतलं, साल काढली, पुन्हा दळलं. तिसऱ्या दिवशी पट्टा ठरलेल्या जागी आला. जास्तीचा एकही नाही. कंपनीने भात बियाणं म्हणून उचललं.

"म्हणजे घोळ म्हातारीचा," ऑफिसर म्हणाला.

"घोळ माझा. मी विचारलंच नव्हतं."

आता माझ्या फॉर्मवर एक ओळ जास्त आहे : 'बियाण्याला हळद वाहिली आहे का?' पुण्याची माणसं वाचून हसतात. तिकोणा पेठेची माणसं गुपचूप 'हो' लिहितात, आणि मी आधी भात धुवायला घेते.