मंगलाच्या मुलाखतीला, धुळ्यापर्यंत

मुलाखत बुधवारी सकाळी अकराला धुळ्यात होती. भडगावहून पारोळ्यामार्गे सरळ गेलं तर दोन-अडीच तासांचा रस्ता. तरी मी मंगळवारी दुपारीच बायकोला घेऊन निघालो, आणि तेही वाकडी वाट करून एरंडोलला. कारण तिथं माझे मावसभाऊ नाना राहतात. नाना मुख्याध्यापक होते. नोकरीत असताना त्यांनी ढीगभर लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यांच्यापुढे एकदा सराव झाला की मंगलाला आत्मविश्वास येईल, अशी माझी समजूत.

मंगला माझी बायको, वय शेहेचाळीस. साक्रीकडच्या एका गावी मुलींच्या वसतिगृहाला अधीक्षिका हवी होती, राहायचंही तिथंच. जाहिरात तिनंच शोधली आणि अर्जही तिनंच केला. मला कळलं तेव्हा मी तयारीचं काम अंगावर घेतलं. कुणी सांगितलं नव्हतं. मी कापसाच्या एका जिनिंग कारखान्यात कारकून आहे, मुलाखतीतलं मला काय कळतं? पण आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून मी वहीत चाळीस प्रश्न उतरवले. ताठ बसायचं, हसतमुख राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं. मंगला म्हणाली, हसत हसत डोळ्यांत बघितलं तर मॅडमना वाटेल हिला काहीतरी झालंय.

गाडी पाऊण तास उशिरा लागली आणि निघाल्यावर प्रत्येक फाट्यावर थांबली. दोन्हीकडे कपाशी फुटून पांढरी झालेली, वेचणीला बाया वाकलेल्या. ते बघायला कुणाला सवड होती? मी वही उघडली. तुमच्यातला एक दोष सांगा, असा प्रश्न होता. याचं उत्तर ठरलेलं असतं, मी कामात फार बुडून जाते. मंगलानं विचार करून सांगितलं, मला पहाटे उठवत नाही.

वसतिगृहाच्या अधीक्षिकेनं हे सांगायचं! माझा आवाज चढला. शेजारी मेथीच्या जुड्या मांडीवर घेतलेली एक म्हातारी मघापासून ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, "भाऊ, नोकरी इले करनी शे का तुले?" (नोकरी हिला करायची आहे का तुला?) मागची दोन बाकं हसली. मंगलाही हसली. मी वही मिटून खिडकीबाहेर बघत बसलो.

एरंडोलला चारला सराव सुरू व्हायचा होता. पण आधी चहा, मग नानांची नवी गच्ची, मग त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन. वहिनींनी भरताची वांगी भाजायला घेतली होती. आमच्याकडे पाहुण्याला जेवल्याशिवाय उठू देत नाहीत, आणि जेवणाआधी कामाचं काढलं तर घरच्या बाईला राग येतो. सोबत कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), मिरचीचा ठेचा. जेवण उत्तमच होतं, पण माझा जीव वहीत.

शेवटी नानांनी चष्मा लावला आणि ताटावरच पहिला प्रश्न टाकला, इतकी वर्षं घरी का राहिलात?

मंगलानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. ताठ बसली. म्हणाली, "एकोणीस वर्षांपूर्वी ग्रामसेवकाची लेखी परीक्षा मी पास झाले होते. यादीत नाव होतं. पण मुलाखतीचं पत्रच आलं नाही."

नाना विचारात पडले. म्हणाले, असं कसं होईल, ते पत्र रजिस्टरनं येतं, आलं नाही तर कुठंतरी नोंद असणार. मला ठसका लागला. पाणी पिऊन मी मंगलावरच घसरलो. मुलाखतीत रडगाणं गायचं नसतं, घरच्या जबाबदाऱ्या होत्या असं सांगायचं. ती म्हणाली, पण जबाबदाऱ्यांनी कुठं अडवलं होतं, पोरीला तर सासूबाई सांभाळत होत्या. मी म्हणालो, तरी तसंच सांग. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, तिला सुखानं दोन घास खाऊ द्या.

इथं वाचकांना सांगून टाकतो. पत्र आलं होतं.

तेव्हा आमच्याकडे बाईमाणसाचं पत्र बाईच्या हातात द्यायची रीत नव्हती. रजिस्टर असलं तरी. पोस्टमन ओळखीचा, मला चौकात भेटला, म्हणाला वहिनींचं आहे, करा सही. मी सही केली. घरी जाईपर्यंत ते पत्र शर्टाच्या आत होतं, आणि दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. महिनाभरानं मंगला काळजीत पडली, म्हणाली जळगावला जाऊन ऑफिसात विचारून या. मी जळगावला गेलो. दिवसभर स्टँडवर बसलो, दोनदा चहा प्यालो, येताना तिला चपला घेतल्या. घरी येऊन सांगितलं, तुझं नाव प्रतीक्षा यादीत गेलंय म्हणे. तिनं लगेच मानलं. मी स्वतःला सांगत आलो की पोरगी तीन वर्षांची होती, तिच्यासाठी केलं.

आता कुणालाही कळेल की चाळीस प्रश्नांची वही मी कशासाठी केली होती. घरी का राहिलात, हा एक सोडला तर उरलेले एकोणचाळीस नुसते सोबतीला होते.

बुधवारी सकाळी आम्ही धुळ्याला पोहोचलो. रिक्षानं पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात गेलो. वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचं ऑफिस एका बंगल्याच्या खालच्या मजल्यावर होतं. अकराची मुलाखत, तिथल्या शिपायानं साडेबारापर्यंत बसवून ठेवलं. मॅडम येताहेत, मॅडम आल्या, मॅडम फोनवर आहेत. आणखी तीन उमेदवार होत्या, सगळ्या तिशीच्या आतल्या. मी मंगलाला पुटपुटत जबाबदाऱ्यांचं उत्तर पुन्हा सांगायला गेलो तर ती म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जाऊन चहा घेऊन या. मी गेलो नाही.

ती आत पंधरा मिनिटं होती. बाहेर आली तेव्हा चेहरा मोकळा दिसत होता. तोच प्रश्न विचारला का, एवढंच मी विचारलं. विचारला म्हणाली. मग तू काय सांगितलंस?

"खरं ते सांगितलं. पत्र आलं नाही, आणि मी स्वतः जाऊन विचारलं नाही. चूक माझी."

स्टँडजवळच्या हॉटेलात आम्ही शेवभाजी घेतली. तिनं रस्सा दोनदा मागून घेतला. मी माझ्या पांढऱ्या शर्टावर सांडला. वेटरनं फडक्यानं पुसून तो डाग आणखी पसरवला. कुणावर चिडावं तेही सुचेना.

अडीचच्या गाडीत बसायला जागा मिळाली. फागणे गाव मागे पडलं तसा मंगलानं पुण्याला पोरीला फोन लावला. पोरगी एका नोकरीच्या उत्तराची वाट बघत होती. मंगला तिला म्हणाली, वाट बघत बसू नको, ऑफिसात जाऊन विचार. मी दुसऱ्याला पाठवलं आणि घरी बसले, माझी चूक झाली, तू करू नको. फोन ठेवून ती खिडकीतून बघू लागली. आता ती हे पोरीलाही शिकवत होती.

मी म्हणालो, "पत्र आलं होतं."

तिला आधी समजलंच नाही. कुठलं पत्र म्हणाली. मी सगळं सांगितलं, चौक, सही, जळगाव. गाडीच्या आवाजामुळे दोन वाक्यं पुन्हा सांगावी लागली. असलं बोलणं पुन्हा सांगावं लागणं यासारखी शिक्षा नाही. ती ऐकत होती. मुकटी गाव येऊन गेलं. मग अगदी हळू म्हणाली, "पोरगी लहान होती म्हणून केलंत का?"

तिनं माझ्यासाठी दार उघडून ठेवलं होतं. एकोणीस वर्षं मीही त्याच दारात उभा होतो. हो म्हटलं असतं तर ती कदाचित तिथंच थांबली असती.

"नाही," मी म्हणालो. "परीक्षा दोघांनी दिली होती. यादीत माझं नाव नव्हतं. म्हणून."

पारोळ्याला भडगावची गाडी धरायला दोघं उतरलो. मी पिशव्या घेऊन फलाट शोधत होतो, मागे बघतो तर मंगला धुळ्याकडे जाणाऱ्या गाडीकडे चालली होती. मी धावत गेलो. ती म्हणाली, "मी तिथं चूक माझी म्हणून सांगून आलेय. ते दुरुस्त करून येते." मी म्हणालो, अगं, झालेल्या मुलाखतीत असं कुणी परत जातं का, हातची नोकरी जाईल. ती गाडीत चढली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा वळून म्हणाली, "तुम्ही घरी जा."

पारोळा ते भडगाव तसा जवळचा प्रवास. मला तो सगळ्यात लांबचा झाला. गाडी रस्त्यात कापसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडली, कंडक्टरनं सुट्ट्यावरून डोकं खाल्लं, आणि मंगला धुळ्याला पोहोचली का, हे विचारायला फोन करायचा हक्क मला राहिला नव्हता.

आठच्या गाडीला मी स्टँडवर गेलो. ती उतरली, चालू लागली. विचारल्यावर चालता चालताच सांगितलं. शिपाई सोडत नव्हता, शेवटी मॅडमच बाहेर आल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, बाई, याचा या पदाशी काही संबंध नाही. मंगला त्यांना म्हणाली, माझा संबंध आहे.

आठवड्यानं तिला फोन आला आणि पहिल्या तारखेला ती साक्रीच्या गाडीत बसली. महिन्यातून एकदा येते. बोलते, हसते, वसतिगृहातल्या मुलींच्या खोड्या सांगते. मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही. तिनंही सांगितलेलं नाही.

चौकात लोक भेटतात. म्हणतात, या वयात बाईला नोकरी लागली, तुम्ही तयारी चांगली करून घेतली हो. पहिले दोन महिने मी मान डोलावत होतो. एकोणीस वर्षांची सवय, मान आपोआप हलते. ती थांबावी म्हणून हे लिहिलं, आणि छापायला द्यायच्या आधी मंगलाला वाचायला पाठवलं. तिनं फक्त फागणे गावाचं नाव दुरुस्त केलं. बाकी जसंच्या तसं ठेवलं.