रिजेक्टकाका आणि बुवांची पंगत

रिजेक्टकाकांना भेंडी घेताना ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी अमेरिकेत येऊन काय पाहिलं, असं मी खुशाल विचारते. शिकागोच्या देशी दुकानात बाकीचे लोक मूठ भरून भेंडी पिशवीत टाकत आणि निघत. काका एकेक भेंडी उचलून उजेडाकडे धरत, शेंडा बोटाने हलकेच मोडून बघत, आणि मोडला नाही तर ती बाजूला ठेवून अगदी शांतपणे म्हणत, "रिजेक्ट." दुकानदार कपाळावर हात मारून घेई. काकू तोवर मसाल्यांच्या फळीपाशी जाऊन, हा मनुष्य आपला कोणी लागत नाही अशा चेहऱ्याने हिंगाच्या डब्या बघत उभ्या असत.

काकांना नाव होतं, आडनाव होतं, इंजिनिअरची पदवीही होती, पण आमच्या महाराष्ट्र मंडळात ते रिजेक्टकाकाच. बॉलबेअरिंगच्या कारखान्यात ते माल तपासायचे. दिवसभर चांगलं आणि वाईट वेगळं करायचं, आणि घरी आल्यावरही तेच चालू. कोणाला जुनी गाडी घ्यायची असली की काकांना घेऊन जात. साडी घ्यायला मात्र चुकूनही कोणी नेत नसे. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी उपमा केला तेव्हा एक घास खाऊन ते म्हणाले, "मीठ टॉलरन्सच्या बाहेर गेलंय." आणि मग दोनदा वाढून घेतला. त्यांच्या तोंडून 'पास' असा शब्द मी कधी ऐकला नाही. फारच आवडलं तर ते नुसतं "हं" म्हणत, आणि त्या 'हं'साठी आम्ही जीव टाकत असू.

मी त्यांच्या नेपरव्हिलच्या घरात, बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. रोज ट्रेनने शिकागोला जायचं, तिथे स्टॅटिस्टिक्समध्ये डोकं घालायचं आणि संध्याकाळी काकूंच्या हातचं गरम वरण-भात खायला परत यायचं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. घरच्यांशी फोनवर बोलणं म्हणजे चैन होती, त्यामुळे काका-काकू हेच माझं घर. घर कडक शाकाहारी, इतकं की अंडं घातलेला केकसुद्धा गॅरेजच्या पुढे येत नसे.

अशा घरात मी एक सरडा आणला. म्हणजे माझा नव्हे. बेथ नावाची माझी वर्गमैत्रीण होती, तिची आई आजारी पडली आणि तिला उन्हाळाभर गावी जावं लागलं. तिने कोणाकडून तरी मोठ्या हौसेने ऑस्ट्रेलियन सरड्याचं पिल्लू मिळवलं होतं, दाढीवाल्या जातीचं. तेव्हा हा प्राणी अमेरिकेत फारसा कोणी पाहिलेलाही नव्हता. "ऑगस्टपर्यंत सांभाळशील ना? प्रॉमिस?" असं ती डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, आणि मी, जिला घरातली पाल दिसली तर पलंगावर चढायची सवय, हो म्हणून बसले.

काचेची पेटी दिवाणखान्यातून नेताना काकूंनी आत वाकून बघितलं. पिल्लू बोटाएवढं. त्याने हनुवटीखालचे काटे फुगवून दाखवले. "अगंबाई, एवढ्याशा जिवाला केवढी दाढी," काकू म्हणाल्या, "बुवाच आहेत की हे." झालं, तेव्हापासून ते बुवा. काकांनी मात्र मुद्द्याचं विचारलं, "खातो काय?"

मी घाबरत घाबरत सांगितलं, "थोडा पाला. पण लहान आहे तोवर जास्त करून रातकिडे. जिवंत."

मला वाटलं, संपलं, आता पेटीसकट मीही बाहेर. काकांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "त्याला देवाने तसं केलंय, त्याला आपण काय करणार. तो किडे खातो हे आपलं पाप नाही. पण आपल्या घरात येऊन त्याने खराब माल खाल्ला, तर ते मात्र आपलं पाप." काकू देवघराकडे बघून पुटपुटल्या, "जन्मभर धान्यातले किडे निवडून टाकले, आता निवडून आणायचे."

पहिली खरेदी मी एकटीने केली आणि पुरती फसले. मासे पकडणाऱ्यांना गळाला लावायला किडे विकणारं एक दुकान होतं, तिथून मी चांगले धष्टपुष्ट रातकिडे आणले. माझा हिशोब सरळ होता, वाढत्या वयाला भरपूर खायला हवं. ते सगळे पेटीत सोडून मी कॉलेजला गेले. परत येऊन बघते तर बुवा कोपऱ्यात अंग चोरून बसलेले, आणि एक रातकिडा त्यांच्या शेपटीचा घास घेऊन बघतोय. कोण कोणाला खायला आणलंय तेच कळेना. त्यानंतर बुवांनी अन्नावरची वासनाच टाकली. किडा दिसला की डोळे मिटून घ्यायचे. दोन दिवसांत पोट खपाटीला गेलं आणि मला बेथचे ते पाणावलेले डोळे सारखे दिसायला लागले.

मी बेथला फोन लावला. काका शेजारी कान देऊन उभेच होते. बेथ म्हणाली, "त्याच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर आहे, त्यापेक्षा मोठा किडा कधीच द्यायचा नाही." हे ऐकून काकांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "अखेर कोणीतरी मापात बोललं," ते म्हणाले आणि थेट गॅरेजमध्ये गेले.

गॅरेजमधून ते बाहेर आले ते श्रीखंडाचा एक रिकामा प्लॅस्टिकचा डबा घेऊन. त्याच्या बुडाला ड्रिलने एकसारखी भोकं पाडलेली. कारखान्यात बेअरिंगच्या गोळ्या अशाच तपासतात म्हणे, भोकातून गेली तर ठीक, अडकली तर रिजेक्ट. बुवांच्या दोन डोळ्यांमधलं अंतर काकांनी कारखान्यातल्या मापाने मोजलं होतं. बुवा त्या वेळी इतके गंभीर बसले होते की शिंप्याकडे माप द्यायला आल्यासारखे वाटत होते. डब्यात रातकिडे टाकायचे, डबा हलकेच थोपटायचा, खाली पडतील ते बुवांचे. काकू बाजूला उभ्या राहून म्हणाल्या, "ही तर चाळणी झाली." काकांना ते मुळीच आवडलं नाही. "चाळणी नव्हे, गेज आहे ते," ते म्हणाले. बुवा वाढले की भोकं मोठी करून नवीन गेज तयार होई. उन्हाळा संपेतो गॅरेजच्या फळीवर श्रीखंडाच्या डब्यांची रांग लागली होती, आणि एवढं श्रीखंड खाऊन माझं वजन वाढलं ते वेगळंच.

गेजमधून पडलेल्या छोट्या रातकिड्यांतला पहिला बुवांनी लपकन जीभ काढून उचलला, तेव्हा आम्ही तिघं पेटीपुढे मांडी घालून बसलो होतो. काकूंनी सवयीने हात जोडले. काका म्हणाले, "हं."

मग पंगतींना रंग चढला. किडे उपाशी आणले तर बुवांच्या पोटात काय जाणार, असं म्हणून काकू रातकिड्यांनाच आधी गाजराचे तुकडे आणि कोथिंबिरीच्या काड्या खाऊ घालू लागल्या. बेथने दिलेली कॅल्शियमची पूड त्या एका बरणीत टाकत, वर किडे सोडत आणि बरणी अशी अलगद फिरवत की अनारशाला खसखस लागावी तशी प्रत्येकाला पूड लागे. पिठात होतात तसल्या पिवळ्या अळ्याही आम्ही आणायचो. त्यांची पाठ टणक, ती बुवांना पचेना. तेव्हा काका ताटात अळ्या पसरून, चष्मा कपाळावर चढवून, नुकती कात टाकलेल्या पांढऱ्या मऊ अळ्या तेवढ्या वेचत. "भेंडीसारखंच आहे हे," ते मला समजावत, "कोवळं ओळखता आलं पाहिजे." नेमके त्याच वेळी मंडळाचे सेक्रेटरी वर्गणीसाठी आले. ताट बघून त्यांनी चहाही घेतला नाही.

आणि रिजेक्ट झालेल्यांचं काय? मारायचे तर नाहीत, काका ते होऊ देणार नव्हते. म्हणून त्यांची एका बादलीत सोय झाली. तिथे खाऊन-पिऊन ते मोठे झाले आणि गायला लागले. गॅरेजमधून अखंड किरकिर. मी वैतागून काकूंना म्हटलं, "काकू, तुम्हाला झोप कशी येते यात?" त्या म्हणाल्या, "या देशात आल्यापासून इतकी छान झोप लागली नव्हती गं मला." मग काका दर रविवारी बादली मागच्या अंगणात रिकामी करत आणि त्यातले थोडे मुद्दाम मागे ठेवत.

काकूंना ते मागचं अंगण फार प्रिय. जूनपासून संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की त्या मागच्या पायरीवर येऊन बसत. गवतातून काजवे वर येऊ लागत. कोणी काही बोललेलं त्यांना तेव्हा चालत नसे. काकाही मग दारातूनच मागे फिरत.

चार जुलैच्या सुट्टीत घोटाळा झाला. सगळं शिकागो मासे पकडायला गेलं असावं, कारण किड्यांचं दुकान साफ रिकामं झालं आणि पुढे बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांकडे मंडळींचं जेवण होतं आणि बुवा सकाळपासून उपाशी, बादलीतले किडे तर केव्हाच मापाबाहेर गेलेले. पाला त्यांनी हुंगूनही बघितला नाही. भुकेने काचेवर नखं घासत होते. ते बघून माझा जीव तुटत होता. एवढं मरणातून वर आणलेलं पोर, पुन्हा खपाटीला जाणार की काय? आणि तेवढ्यात अंगणात काजवे चमकायला लागले. मऊ, छोटे, फुकट आणि हात पुढे केला की हातात येणारे. मी लोणच्याच्या बरणीत भराभर पकडले. पाहुण्यांत एक सर्जन होते, ते म्हणाले, "अरे यार, प्रोटीन इज प्रोटीन. घाल बिनधास्त." मी काजवे गेजमध्ये टाकले. सगळे खाली पडले. माप बरोबर.

बरणी काकांच्या हातात दिली. त्यांनी ती डोळ्यांसमोर धरली. आत उजेड होत होता, जात होता. त्यांनी एकदा मागच्या पायरीकडे पाहिलं. काकू तिथे वाट्या घेऊन उभ्या होत्या.

"रिजेक्ट," काका म्हणाले.

"अहो पण काका, गेजमधून गेलेत."

"दिवा लावून फिरणारा जीव आहे. तिन्हीसांजेला दिव्याला हात जोडतात, गिळायला देत नाहीत."

सगळे हसले. सर्जन म्हणाले, "बेअरिंगवाला आज कीर्तनाला बसला." मला मात्र मुळीच हसू आलं नाही. पेटीतला जीव उपाशी आणि यांना दिवा सुचतोय. मी चिडून म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, त्याला आज काय घालू?" काकांनी बरणी अंगणात उपडी केली. मग आपली इस्त्रीची पँट घोट्यापर्यंत दुमडून, हातात गेज घेऊन ते कुंपणापाशी गवतात गुडघ्यांवर बसले आणि बारके नाकतोडे शोधू लागले. आमच्या अंगणात औषध मारलेलं नसे, कारण गवतावर औषध मारणारी कंपनी त्यांनी कधीच रिजेक्ट केली होती. पाहुणे मसालेभात खात होते आणि यजमान रांगत होते. त्या दिवशी बुवांची पंगत सगळ्यांत शेवटी उठली. काकांच्या पँटवरचे हिरवे डाग पुढे कधी गेले नाहीत.

ऑगस्ट संपताना बेथ आली. बुवा तोवर वीतभर झाले होते. ती पेटीत बघून रडली, मग मला मिठी मारून रडली. काकांनी तिला गेजचा सगळा संच नीट बांधून दिला आणि इतक्या सूचना दिल्या की मुलीची पाठवणीसुद्धा याहून लवकर होते. गाडी वळून गेल्यावर ते गॅरेजमध्ये गेले आणि बराच वेळ रिकामी बादली धूत बसले. काकूंनी मला खूण केली, जाऊ नकोस म्हणून.

माझं शिक्षण संपलं, लग्न झालं, मी न्यू जर्सीला आले. पुष्कळ वर्षांनी एकदा बेथचा फोन आला. ती आता प्राण्यांची डॉक्टर. बोलता बोलता म्हणाली, "तुला माहितेय का, काजवे या सरड्यांना जहर असतात. एक काजवासुद्धा पुरतो. आपल्या वेळी हे कोणालाच ठाऊक नव्हतं." मी फोन ठेवला. लोणच्याची ती आख्खी बरणी डोळ्यांपुढे आली.

मी लगेच काकांना फोन केला. काकूंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं, आणि पुढच्या थंडीत काकाही गेले. त्यांच्याशी माझं मनापासून झालेलं हे शेवटचं बोलणं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "काका, त्या दिवशी तुम्ही बुवांचा जीव वाचवलात."

"मला तेव्हा विषाचं माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं. कोणालाच नव्हतं."

"मग माझी तपासणी चुकली. नुसता निकाल बरोबर येऊन चालत नाही, मेधा. कारण बरोबर लागतं. माझा तो रिपोर्ट रिजेक्ट धर."

"कारण होतं की. दिव्याचं."

"ते आपलं चारचौघांत सांगायला." मग म्हणाले, "तुझ्या काकूला मी इथे आणलं ते जानेवारीत. दारात कमरेएवढा बर्फ. बोलायला चिटपाखरू नाही. रोज संध्याकाळी मला एकच विचारायची, आपण परत कधी जायचं? मी आपला बघू, बघू म्हणायचो. जूनमध्ये एकदा भांडी घासता घासता तिने खिडकीतून बाहेर बघितलं आणि तशीच ओल्या हातांनी अंगणात पळाली. तिच्या माहेरी ओढ्याकाठी असायचे म्हणे खूप. 'अहो, हे इथेही आहेत?' म्हणाली. एवढंच. त्यानंतर परत कधी जायचं असं तिने मला विचारलं नाही. आता तेच पकडून सरड्याला घालू का मी? तूच सांग. पण हे काही टेक्निकल कारण नव्हे."

मी म्हटलं, "काका, पास."

अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "हं."