क्लच कुणाच्या पायानं जळला

“आवं, पाय काढा! पाय काढा म्हणते न्हवं! गाडी पेटली, आवं!”

पसरणी घाटात, वाईहून पाचगणीला चढताना, आमच्या गाडीच्या मागच्या सीटवरून आई ओरडत होती. तिचा आवाज असा, की वर टेबललँडवरचे घोडे बिथरले असतील. ओरडणं आबांना होतं, म्हणजे माझ्या वडिलांना, कारण गाडी तेच चालवत होते. मी त्यांच्या शेजारी मांडीवर धपाट्यांचा डबा घेऊन बसलो होतो. धपाटे भाचीसाठी होते. ती पाचगणीच्या बोर्डिंगात शिकते.

गाडी पेटली नव्हती, पण वास तसाच येत होता. जुनी चप्पल चुलीत घातल्यावर येतो तसा. आबा ॲक्सिलरेटर दाबत होते, इंजिन इतकं बोंबलत होतं की खाली वाईत लोकांनी विमान आलं म्हणून माना वर केल्या असतील, आणि गाडी जागची हलत नव्हती. एक म्हातारी डोक्यावर जळणाचा भारा घेऊन आमच्या शेजारून पुढं गेली. वरच्या वळणावर कठड्याला टेकून तिनं थोडा वेळ आमची वाट बघितली, मग कंटाळून निघून गेली.

“क्लच गेला,” आबा म्हणाले.

“गेला कसा? तुमी घालवला! चोवीस तास पाय क्लचवर! शिवणाच्या मशीनवर बसल्यागत बसताय!”

“बावीस वर्षं बर्फात मिल्ट्रीचा ट्रक चालवलाय मी. ह्या पायानं एक क्लच जाळला न्हाई.”

“तवा पाय बी तरणा हुता!”

इथं मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी डबा उघडला आणि एक धपाटं तोंडात कोंबलं. भरल्या तोंडानं माणसाला खोटंही बोलता येत नाही आणि खरंही.

कारण क्लच कुणी जाळला, हे त्या अख्ख्या घाटात एकाच माणसाला माहीत होतं.

झालं होतं असं. पंधरा दिवसांमागं आमच्या कडेगावाकडच्या रानात ऊसतोड चालू होती. भरलेल्या ट्रॉलीचं चाक पाणंदीत रुतलं. अशा वेळी दुसरा ट्रॅक्टर बोलावून पुढं जोडायचा, ही आमच्याकडची रीत. पण दुसरा ट्रॅक्टर चार वाजल्याशिवाय येणार नव्हता. सगळी टोळी बांधावर चहा पीत बसली. मी म्हणालो, “ट्रॅक्टर कशाला? आमची गाडी काढंल.”

ट्रॅक्टरवाला म्हणाला, “गड्या, ती पोरं शाळंला सोडायची गाडी हाय.”

झालं! आमच्या भागात माणसाला काहीही म्हणा, पण त्याच्या गाडीला म्हणू नका. मी तसाच घरी गेलो आणि गोठ्यातल्या खिळ्यावरून आबांचा दोर काढला. हा दोर त्यांनी मिल्ट्रीतून आणलेला. पेन्शनपेक्षा त्याला जास्त जपतात. उजवीकडून डावीकडं मोजून नऊ वेढे, दहाव्यानं आवळून गाठ. घरात त्याला हात लावायची कुणाला परवानगी नाही. देवाला आहे की नाही, ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

गाडी ट्रॅक्टरच्या पुढं जोडली. पहिला गिअर, क्लच अर्धा, ॲक्सिलरेटर पूर्ण. पहिल्यांदा धूर आला. दुसऱ्यांदा जास्त आला. तिसऱ्यांदा पाणंदीतली चिलटं मेली. पाचव्यांदा ट्रॉली निघाली आणि टोळीतल्या बायांनी शिट्ट्या वाजवल्या. मी तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला, घरचे नंबर तेवढे वगळून. दोर गुंडाळून खिळ्यावर टांगला आणि जेवायला बसलो.

तर, घाट. पाचगणी काही आम्हाला दिसली नाही. चार माणसांनी ढकलून गाडी वळवली. त्या चौघांना भाचीचे धपाटे वाटले. उतारावर गाडी शहाण्यासारखी आली, सपाटीला रडतखडत आली. दारात थांबल्याबरोबर आईनं किल्ली काढून घेतली आणि कमरेच्या बटव्यात टाकली.

“आजपास्नं तुमी मागं बसायचं,” ती आबांना म्हणाली. “वय झालं.”

हे साधं नव्हतं. दर गुरुवारी आबा गावातल्या तीन पेन्शनरांना घेऊन सांगलीला मिल्ट्रीच्या कॅन्टीनला जातात. तिघांतला एक सुभेदार होता, आबा नुसते हवालदार. पण स्टिअरिंगवर आबा असल्यामुळं गुरुवारपुरते सुभेदारही त्यांना विचारून खिडकी उघडतात. त्या गुरुवारी तिघं इस्त्री करून दारात हजर झाले. आबा पायऱ्या उतरत म्हणाले, “चला, यष्टीनं जाऊ.” कुणी का म्हणून विचारलं नाही. चौघं एका रांगेत स्टँडकडं गेले, पुढं सुभेदार, आबा सगळ्यात मागं.

मी खिडकीतून बघितलं. मला फार वाईट वाटलं. इतकं, की दुसरा चहा मी बिनसाखरेचा प्यालो.

शनिवारी गाडी मिरजेच्या मिस्त्रीकडं नेली. आई निकाल ऐकायला आली, आबा आरोपी म्हणून आणि मी ड्रायव्हर म्हणून. मिस्त्रीनं गिअरबॉक्स खाली उतरवला, क्लचप्लेट काढली आणि आमच्यापुढं धरली. प्लेटवरचं अस्तर संपलं होतं, नुसते रिव्हेट उरले होते. मग त्यानं बॅटरी मारून आतलं फ्लायव्हील दाखवलं. इंजिनाच्या टोकाला जे जाडजूड लोखंडी चाक असतं, ज्याला ही प्लेट चिकटून गाडी ओढते, ते. रिव्हेटांनी त्यावर नांगरट केली होती. मधे निळे डाग, डागांत बारीक चिरा.

“घासून घेता येईल का?” मी विचारलं.

“घासायला काय ठेवलंय? नवंच टाकायचं.” मग त्यानं हात पुसले. “पाय ठेवून चालवणाऱ्याचा क्लच हळूहळू मरतो, मालक. हा एका दिवसात मारलाय. ह्येला ओझं लागतं. काय ओढलं?”

आई गर्रकन आबांकडं वळली. “काय ओढलंत? त्या तिघा पेन्शनरांना बांधून न्हेलं काय?”

आबा त्या निळ्या डागांकडं बघत राहिले. मग मला म्हणाले, “आता तूच चालवत जा रं. मी बसतो मागं.”

हे त्यांनी चिडून म्हटलं असतं तर मी पचवलं असतं. मी आयुष्यात याहून मोठमोठ्या गोष्टी पचवल्यात. पण ते अगदी साधं म्हणाले, किराणा आणायला सांगावा तसं.

“आबांनी न्हाई,” मी म्हणालो. “मी ओढली. उसाची ट्रॉली. वीस टनांची.”

“वीस?” मिस्त्री म्हणाला.

“धा असंल.”

“ट्रॉलीच्या पुढं ट्रॅक्टर हुता का न्हवता?”

“हुता. गाडीच्या मागं.”

“चालू?”

“...चालू.”

“मग तू काय ओढलंस?”

“दोर,” मी म्हणालो.

त्यानंतर आई जे बोलली ते मिरज जंक्शनात उभ्या असलेल्या गाड्यांनी सिग्नल समजून पाळलं असणार. माझ्या जन्मापासून सुरुवात करून ती माझ्या दहावीपर्यंत आली, तिथं जरा जास्तच रेंगाळली. मिस्त्री तिच्याच लयीत काम करत होता. नवं फ्लायव्हील बसवलं, बोल्ट समोरासमोरचे आवळत गेला. प्लेट बरोबर मधोमध बसावी म्हणून आत घालायला त्याच्याकडं एक लाकडी खुंटी होती, शेजारच्या तंबोरेवाल्यानं तंबोऱ्याच्या खुंटीतून कातून दिलेली. ती तो कानाजवळ नेऊन टिचकी मारायचा, मगच घालायचा. कशासाठी, ते त्यालाही माहीत नसावं.

गाडी खाली उतरली तेव्हा आईचं माझ्या लग्नापर्यंत आलं होतं. बोलता बोलताच तिनं बटवा उघडला, किल्ली काढली आणि न बघता आबांच्या हातावर ठेवली.

परत येताना आई पुढं बसली. मी मागं, मांडीवर जुनं फ्लायव्हील घेऊन; धपाट्यांच्या डब्यापेक्षा ते चांगलंच जड होतं. आबांनी गिअर बदलला आणि डावा पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवला, आईला दिसेल असा.

“आबा,” मी शेवटी म्हणालो, “तुमाला काय संशय आला न्हवता माझा?”

“दोर उलटा गुंडाळला हुतास,” आबा म्हणाले.