दितवारची दिती

काल नंदुरबारला शेजारच्या बारशात घुगऱ्यांचा वास दरवळत होता. मुलीचं नाव ठेवलं डोमेनिका. "इटलीनं नाव शे, मावशी," तिची आई मला म्हणाली. "रविवारी जन्मनी ना, म्हनीसन!" सगळ्या बायका वा वा करू लागल्या आणि माझं डोकं सणकलं.

धडगावकडच्या शाळेतला माझा पहिला दिवस आठवला. आईच्या लुगड्याला मोहाच्या फुलांचा वास येत होता. आमच्या पाड्यावर जन्मवारावरून नाव ठेवायचे. रविवार म्हणजे आमचा दितवार, म्हणून मी दिती. आईने ते गुरुजींना आमच्या बोलीत मोठ्या कौतुकाने सांगितलं.

"वाराचं कुठं नाव असतं का? जंगली लोक!" गुरुजी हसले, वर्गही हसला. "आजपासून ही रेखा."

मराठी न कळणारी आईसुद्धा हसली. गुरुजींना नाव आवडलं, असंच तिला वाटलं.

तिचं ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. इटलीचा रविवार तेवढा गोड, आणि आमचा जंगली?

बाळाच्या कानात नाव सांगायची माझी पाळी आली. मी पाळण्यात वाकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दिती."