विहिरीच्या चित्रामागची हाक

निघायच्या दिवशी गाडी वसईजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या केळीच्या वाडीच्या फाटकाशी उभी होती. दोन मोठ्या बॅगा मागे चढल्या होत्या, तिसरी काही केल्या मावत नव्हती, आणि माझा नवरा राजेश तिच्यावर गुडघा टेकवून चेन ओढत होता. तेवढ्यात मागच्या पडवीतून आईची रोजची हाक आली.

"पानी ठेवलंऽऽय वो, भात निवतोऽऽय!"

ही हाक बाबांसाठी. आईने नवऱ्याचं नाव उभ्या जन्मात घेतलं नाही, आणि 'अहो'सुद्धा तिला जरा जास्तच शहरी वाटायचं. म्हणून ताट वाढून, शेजारी तांब्या ठेवला की ती पडवीत यायची आणि सगळ्या वाडीला मिळून सांगायची की पाणी ठेवलंय, भात निवतोय. केळीच्या आत कुठेतरी बाबा कंबरभर हिरव्यात बुडालेले असायचे. तिथून उत्तर यायचं, "आलोऽऽ". मग विहिरीवर पाय धुतल्याचा आवाज. आमच्या घरात दुपारचे दोन वाजत आले हे घड्याळाने कधी सांगितलंच नाही.

त्या दिवशी मात्र बाबा गाडीपाशी उभे होते आणि त्यांनी उत्तर दिलं नाही. आईने पुन्हा हाक मारली. मी बाबांकडे पाहिलं. ते बॅगेकडे बघत म्हणाले, "थांबू दे तिला आज जरा." मग माझ्या हातात सुकेळ्यांचं, म्हणजे उन्हात सुकवलेल्या केळ्यांचं पुडकं दिलं, वाळक्या केळीच्या पानात घट्ट बांधलेलं, आणि म्हणाले, "तिकडं पाऊस सारखा असतो म्हनतात. डोकं पुसत जा, बाय."

आई फाटकापर्यंत आलीच नाही. मला राग आला होता तेव्हा. गाडी वळणावर आल्यावर मागे पाहिलं तर ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती, आणि ताटावर झाकण ठेवलेलं होतं.

तुम्ही जे मागे राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे तिसऱ्या बॅगेवर गुडघा टेकवून निघालात, त्या सगळ्यांना ही गोष्ट सांगायची होती. राजेशला आयर्लंडमधल्या एका लहान गावातल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून आम्ही इथे आलो. इथे सकाळी खिडकी उघडली की धुकं असतं, आणि धुक्यात मेंढ्या. पहिले काही महिने मी अर्धवट जागी असताना मला वाडीतला पंप ऐकू यायचा. डोळे उघडले की तो घर गरम करणारा बॉयलर असायचा. मग मी डोळे पुन्हा मिटून घ्यायची आणि बॉयलरलाच थोडा वेळ पंप मानायची. फुकटचं सुख, कोण सोडतं?

वसईत असताना मी पापडी गावातल्या एका प्राथमिक शाळेत नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं. घरात कुणी इंग्रजीचा शब्द बोलत नाही अशी ती मुलं. आम्ही प्रोजेक्टरवर चित्र दाखवायचो, स्पीकरवर आवाज ऐकवायचो, आणि साठ मुलं एका सुरात 'ॲपल' म्हणायची. माझा स्वभाव खोडरबरासारखा. रेकॉर्डिंगमध्ये जरा खरखर आली तर मला चालायची नाही. वर्गाबाहेर फेरीवाला ओरडला तर मी खिडकी लावून घ्यायची. भाषा कशी, स्वच्छ ऐकू आली पाहिजे! मुलं मला 'खिडकीवाल्या बाई' म्हणायची, हे मला फार उशिरा कळलं.

इथल्या शाळेत मला सहायक म्हणून काम मिळालं. दुसरीचा वर्ग, चोवीस मुलं, आणि वर्गशिक्षिका शेवॉन, जिला दर वाक्याला हसू येतं. शाळेत एक चाल होती. सत्रातले सहा आठवडे मुलांना एखाद्या परक्या भाषेची नुसती चव द्यायची. फ्रेंच झालं होतं, पोलिश झालं होतं. शेवॉन म्हणाली, या वेळी तुझी भाषा. मी घाबरले. नऊ वर्षं मी परकी भाषा शिकवली होती, आता माझीच भाषा परकी होऊन टेबलावर बसली होती.

काम ठरलं ते असं. मुलांच्या टॅबलेटवर दहा चित्रं ठेवायची. चित्राला बोट लावलं की शब्द ऐकू येईल, मग मूल तोच शब्द स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करेल आणि दोन्ही ऐकून बघेल. शेवॉनने एकच अट घातली, आवाज खऱ्या घरातला हवा. मी बाबांना फोन केला. त्यांना फार मजा वाटली. दुसऱ्या दिवसापासून घरात राहणाऱ्या माझ्या वहिनीच्या फोनवरून एकेक शब्द यायला लागला. बाबा त्या त्या वस्तूजवळ जाऊन उभे राहायचे, कारण समोर नसलेल्या गोष्टीचं नाव कसं घ्यायचं हे त्यांना कळेना. नारळाच्या वेळी खरंच नारळ पडल्याचा आवाज होता. कोंबडीच्या वेळी कोंबडीच जास्त बोलली. आणि विहिरीच्या वेळी बाबा घसा खाकरून म्हणाले, "विहीर." त्यानंतर ते बटण बंद करायला विसरले. थोडी शांतता, गावातल्या चर्चची घंटा, आणि लांबून, अगदी लांबून, "पानी ठेवलंऽऽय वो, भात निवतोऽऽय!"

मी घाईत होते. तसंच वर्गात लावलं.

काय सांगू तुम्हाला! चोवीस टॅबलेट, चोवीस विहिरी. मुलं नारळाला एकदा बोट लावायची आणि विहिरीला वीसदा. बाबांचा शब्द यायचा, मुलं श्वास धरून थांबायची, घंटा वाजायची, आणि मग सगळी मिळून आईची हाक मारायची. शेवटी 'निवतो'वर चढून खाली येणारा तिचा हेल आहे ना, तो मला कधी जमला नाही, यांना दोन दिवसांत जमला. शेवॉनने अर्थ विचारला. मी सांगितला. ती म्हणाली, नाव कुठे आहे त्यात? मी म्हटलं, नाव नाहीच. ज्याच्यासाठी आहे त्याला कळतं.

एवढं बोलून मी घरी आले आणि रविवारी बसून सगळी रेकॉर्डिंग धुऊन काढली. ॲपमध्ये पार्श्वभूमीचा आवाज काढायची सोय असते. एक बटण दाबलं की पंप गेला, कोंबडी गेली, घंटा गेली. विहिरीनंतरचा तुकडा मी हाताने कापला. दहा शब्द, स्वच्छ, पांढरे. टॅबलेटवर हेच चढवले आणि जुन्या फायली काढून टाकल्या, कारण फोन भरला होता. वर बाबांना निरोपही दिला की पुढच्या वेळी रेकॉर्डिंग चालू असताना आईला बोलू देऊ नका.

सोमवारी मुलांनी विहिरीला बोट लावलं. "विहीर," बाबा म्हणाले, आणि गप्प झाले. क्लारा नावाच्या मुलीने टॅबलेट कानाला लावला. मग माझ्याकडे आली आणि विचारलं, ती बाई कुठे गेली?

मी म्हटलं, "ती चूक होती, बाळा. मी काढून टाकली."

हे वाक्य मी बोलले आहे. ते कशानेही पुसता येत नाही.

नाताळानंतर वहिनीचा फोन आला. आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. मी पोचले तेव्हा ती खुर्चीत बसलेली होती, उजवा हात मांडीवर, डोळ्यांत ओळख होती, पण वाचा गेली होती. डॉक्टर म्हणाले, हात कदाचित येईल, बोलणं सांगता येत नाही.

पण मला जास्त भीती वाटली बाबांची. त्यांचा शर्ट खांद्यावरून उतरायला लागला होता. वहिनी बिचारी रोज ताट वाढून वाडीत जायची, "बाबा, जेवायला चला." ते "येतो" म्हणायचे आणि यायचे नाहीत. चार वाजता कधीतरी येऊन दोन घास खायचे. आई खुर्चीतून त्या ताटाकडे बघत बसायची. एके दिवशी मीच गेले. ते केळीच्या सावलीत नुसते बसले होते, कोयता बाजूला पडलेला. मी भांडलेच त्यांच्याशी. ते म्हणाले, "बाय, एवढी वर्सं हाक यायची नि मग मला भूक लागायची. आता पोटाला कळतच नाय."

मी तिथल्या तिथे फोन काढला आणि विहीर शोधली. नव्हती. वहिनीच्या फोनवर शोधली. तिनेही तो भरला म्हणून साफ केला होता. आईच्या आवाजाचा एवढासा तुकडा माझ्या हाताशी आला होता आणि तो मी, खिडकीवाल्या बाईने, खिडकी लावून बाहेर ठेवला होता.

तीन आठवड्यांनी मी परत आले. विमानात झोप लागली नाही, लागली तेव्हा स्वप्नात नुसती पडवी होती आणि कुणी नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी मधली सुट्टी संपत आली होती. मी मैदानाच्या कडेला उभी होते. धुकं होतं, पलीकडची मुलं नीट दिसत नव्हती. आणि त्या धुक्यातून आईने हाक मारली.

"पानी ठेवलंऽऽय वो, भात निवतोऽऽय!"

खरंच सांगते, मी वळून पडवी शोधली. मुलं धावत येत होती, रांगेत उभी राहत होती. खेळ संपला, आता आत चला, हे एकमेकांना सांगण्यासाठी त्यांनी ती हाक ठेवून घेतली होती. मी नव्हते तेव्हाही रोज वापरत होती. मी काढून टाकलेली बाई मैदानात रोज दुपारी येऊन जात होती. तो चढणारा आणि खाली बसणारा हेल जसाच्या तसा होता. मी सायकली ठेवायच्या शेडमागे जाऊन मनसोक्त रडले. शेवॉन आली आणि पहिल्यांदाच हसली नाही.

पुढचं तिनेच ठरवलं. मुलांना विहीर खरी बघायची होती, म्हणून एप्रिलमधल्या एका शुक्रवारी वर्गातल्या मोठ्या पडद्यावर नंदाखालला व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे नऊ वीस, तिथे दुपारचे दोनला दहा कमी. आईला नीट ऐकू यावं म्हणून वहिनीने फोनला गणपतीतला मोठा स्पीकर जोडला होता. पडद्यावर पडवी आली, खुर्चीतली आई आली, झाकलेलं ताट आलं. बाबा अर्थातच वाडीत होते.

मुलांनी एकेक शब्द म्हणून दाखवला. आई टक लावून बघत होती. मग वहिनीने फोन विहिरीकडे वळवला. क्लारा म्हणाली, "विहीर." चोवीस मुलं थांबली, घंटेपुरती, आणि मग त्यांनी छाती भरून हाक मारली. ती पडवीतून, गणपतीच्या स्पीकरमधून, सगळ्या वाडीवर गेली.

काही क्षण नुसती केळीची पानं हलत होती.

"आलोऽऽ!"

वहिनीने फोन पुन्हा पडवीकडे वळवला. मागून पाय धुतल्याचा आवाज. मग बाबा, खांद्यावर पंचा, पडद्याच्या एका कडेने आले आणि फोनकडे न बघता ताटावर बसले. आई त्यांच्याकडे बघत होती. तिने डावा हात लांब केला, तांब्या बोटांनी ढकलत ढकलत त्यांच्या ताटाजवळ सरकवला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला पडदा दिसेनासा झाला होता.

चार घास खाल्ल्यावर बाबांना आम्ही दिसलो. म्हणाले, "बाय, पोरांना सांग, उद्या पन हाक मारा."

"उद्या शनिवार, बाबा. शाळेला सुट्टी."

"मग तू मार."

मला लाज वाटली. वडिलांना अशी हाक मी कधी मारली नव्हती. पण शनिवारी नऊ वीसला स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मारली. बेसूरच होती. पलीकडे पंप चालू होता, आणि मग केळीतून उत्तर आलं.

तेव्हापासून रोज मीच मारते, एकही दिवस चुकलेला नाही. बाबांचा शर्ट पुन्हा खांद्यावर बसलाय. ऑक्टोबरात इथली घड्याळं तासभर मागे केली, पण नंदाखालचा भात त्याच वेळी निवतो, म्हणून आता हाकेची वेळ आठ वीस. तेव्हा मी शाळेच्या वाटेवर असते. मेंढ्यांच्या कुंपणाशी थांबते, फोन तोंडाशी धरते आणि धुक्यात ओरडते. सुरुवातीला येणारे-जाणारे चमकून बघायचे, आता हात करतात. पलीकडे वहिनी फोन स्पीकरला जोडून ठेवते, काही बोलत नाही, आई तर नाहीच. पंप चालू असतो, कोंबडी कलकलत असते, कधी घंटा. मी त्यातलं काहीही कापत नाही. घर म्हणजे आता मला तेवढाच वेळ, हाक मारल्यापासून केळीतून "आलोऽऽ" येईपर्यंतचा. ते उत्तर आलं की मी पुढे चालायला लागते.