मुठीजवळची ओळ

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — तुम्ही तोंडासमोर नाही म्हणून जमतंय, एवढंच.

आमच्या घरी एक जुनी तलवार आहे. आमच्या झरी गावात नि आसपास सगळ्यांना ठाऊक. मुठीला वाघाचं तोंड, पात्यावर सोन्याच्या तारेची वेल, त्या वेलीत हरणावर झेपावलेला वाघ, आणि मुठीजवळ फारसी अक्षरांची एक बारीक ओळ. वाघ म्हणजे आपलं घराणं, हरीण म्हणजे शत्रू, असं वडील सांगायचे. आणि ती ओळ? ती मूळपुरुषाच्या नावाची, असं घरात धरून चाललेलं. वाचली कुणीच नव्हती. निजामाचं राज्य गेलं, त्या पोलीस ॲक्शननंतर गावातली हत्यारं जमा झाली. ही पूजेची म्हणून राहिली.

त्याच सुमारास मी हैदराबादेहून बी.ए. होऊन आलो. घराण्यातला पहिला. त्याचा मला गर्व होता, आजही आहे — खोटं कशाला बोलू? शिक्षण सगळं उर्दूतून, फारसीही घेतलेली. खंडेनवमीला वडिलांनी गाव बोलावलं, तलवार माझ्या हातात दिली. म्हणाले, "वाच, बापू. समद्यांना ऐकू दे."

मी वाचलं. मनातल्या मनात. तीनच शब्द होते —

थांबा, आधी कोंडिबामामांचं सांगतो. मामा गावचे लोहार. नवमीच्या आदल्या दिवशी राख-लिंबानं ही तलवार तेच घासतात. त्या दिवशी ओसरीखाली उभे होते. म्हणाले, "बापू, आमचा आजा म्हणायचा, ह्याच्यावर आपल्या वाडवडलातल्या सटवाचं नाव हाय. बघा की जरा."

वडील माझ्याकडे बघत होते. गाव बघत होतं. मी म्हणालो, "न्हाई, मामा." आणि आमच्या मूळपुरुषाचं नाव मोठ्यानं वाचलं — जे तिथं नव्हतंच.

तिथं होतं : काम सटवा लोहाराचं. म्हणजे आमचा वाघसुद्धा त्याच्याच हातचा.

गाव हसलं. "काय कोंडिबा, तुज्या आज्यानं लय मोठी थाप मारली की!" पुढं पारावर हेच चालू राहिलं. मामा मात्र दरवर्षी येतात. पातं खसाखसा घासतात, पण त्या ओळीवरून नुसता तेलाचा बोळा फिरवतात. हळू. आठ वर्षं मी ते बघत उभा राहिलोय. वडिलांच्या मानासाठी केलं म्हणावं, तर ते जाऊनही तीन वर्षं झाली. मग कुणासाठी? माझ्यासाठीच.

आता शाळांत उर्दूऐवजी मराठी आलीय, पुढं कुणी ती अक्षरं शिकायचं नाही. गावात ती अक्षरं वाचणारा मी एकटाच. मी गेलो की ती ओळही नुसती वेलबुट्टी.

यंदा दिवेलागणीला मी मोठ्या माणसांचा साक्षरतेचा वर्ग घेतो. मामाही येतात. पहिल्या दिवशी विचारलं, आधी तुमचं नाव लिहू या का?

"माजं ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "सटवा लिहायला शिकवा. तलवारीवर नसलं तर नसलं, पाटीवर तर येईल."

मीच हात धरून गिरवून घेतलं.

उद्या खंडेनवमी आहे. ती ओळ मी मराठीत, ठळक अक्षरांत कागदावर उतरवलीय. गाव जमेल. मी काय केलं ते आधी सांगीन. मग मामांना ओसरीवर बोलवीन, तलवार आणि कागद त्यांच्या हातात देईन. वाचणार मी नाही.

'सटवा' त्यांना येतं. 'लोहार' परवाच शिकलेत.