आत्याबाईंनी म्हैस लपवली

गेल्या महिन्यात आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ताप भरला. येडशीजवळच्या आमच्या गावाहून मी आणि माझा नवरा सचिन त्यांना गाडीत घालून धाराशिवच्या दवाखान्यात घेऊन आलो. अंग फणफणलेलं, त्यात हिरड्यांतून रक्त... वाटेत मीच रुमालानं पुसत होते.

डॉक्टरांना आधी डेंग्यूच वाटला. तरी त्यांनी विचारलं, घरी जनावरं आहेत का? गोचिडी वगैरे?

"न्हाय वं, जनावरं कवाच इकली," आत्याबाई म्हणाल्या.

मी बघतच राहिले! सकाळी त्यांच्याच म्हशीच्या दुधाचा चहा पिऊन आम्ही निघालो होतो. मैना तिचं नाव... सुनेपेक्षा ती लाडकी, हे मी केव्हाच मान्य केलंय. रोज दुपारी मैनेजवळ बसायचं, कानामागच्या गोचिडी वेचायच्या आणि अंगठ्याच्या नखानं टचकन फोडायच्या, हा आत्याबाईंचा नेम. आमच्याकडं घरोघरी असंच करतात. मैना सुखानं मान लांब करते, आत्याबाईंनाही बरं वाटतं.

मग मला मागं उभा असलेला सचिन दिसला. "आई, आता तुला झेपत नाही, म्हैस विकून टाकू," हे पालुपद त्यानं वर्षभर लावलं होतं. तापानं डोळे उघडत नव्हते, तरी बाई म्हैस वाचवत होती...

क्षणभर वाटलं, आपणही गप्प बसावं. पण मला राहवलं नाही. म्हैस आहे आणि गोचिडी रोज हातानं फोडतात, असं मी सांगून टाकलं.

डॉक्टरांचा चेहराच बदलला. त्यांनी आधी नर्सला मास्क आणि हातमोजे घालायला लावले. गोचिडीमुळं काँगो ताप नावाचा एक व्हायरसचा आजार होतो म्हणे. जनावर ठणठणीत दिसतं, माणूस मात्र दगावू शकतो. गोचीड चावून होतो, चिरडून होतो, आणि पेशंटच्या रक्तातून सेवा करणाऱ्यालाही होतो. मला वाटेत रक्त पुसलेला तो रुमाल आठवला.

आत्याबाईंना वेगळ्या खोलीत ठेवलं, रक्ताचा नमुना पुण्याला गेला. माझ्याशी त्यांनी अबोला धरला. गोचिडी कधी फोडल्या, सोबत कोण होतं, डॉक्टर विचारून थकले. आत्याबाई आपल्या भिंतीकडं तोंड करून पडून.

शेवटी सचिन दारात उभा राहिला. "आई, मैनेला न्हाय इकत. तुझी शपथ. पर डॉक्टरला खरं सांग."

तेव्हा कुठं त्यांनी मान वळवली. मग सगळं भडाभडा बोलल्या... शेजारच्या सखूबाईही रोज गोचिडी फोडायला बसतात, आणि कालपासून त्यांनाही कणकण आहे.

सखूबाईंना त्याच संध्याकाळी आणलं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणाला घास गोड लागला नाही. दोघींनाही काँगो नव्हता, डेंग्यूच निघाला... देव पावला! वेळेवर उपचार मिळाले आणि दोघी आपल्या पायांनी घरी आल्या.

आता मैनेच्या अंगावर जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेलं औषध मारतो. आत्याबाई हातमोजे घालून, चिमट्यानं गोचीड काढतात आणि साबणाच्या पाण्यात टाकतात. नखाची मजा न्हाय यात, अशी कुरकुर चालू असते.

परवा आरोग्य खात्याच्या आशाताई घरोघरी तापाची चौकशी करत दारात आल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या, "म्हस हाय आमची. गोचिडी बी हायती. इचारा काय इचारायचं ते." वर सचिनकडं एक नजर टाकली.

त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही. पण एक गोष्ट मला आत्याबाईंनी शिकवली... दवाखान्यात खरं बोलायला माणसाला आधी घरच्यांचा भरवसा लागतो. आमच्या घरात तो द्यायला आम्ही फार उशीर केला होता.